पटावरची पंगत आणि पटाबाहेरची भूक

ऑक्टोबर २०११ च्या ३, ४ आणि ५ तारखेस महाराष्ट्रातील शाळकरी मुलांच्या बोटांना शाई लावण्यात आली. निवडणूक नव्हती. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये, यासाठी योजिलेला तो उपाय होता. राज्यभर एकाच वेळी झालेल्या या पटपडताळणीत हजेरीपटावर नावे असलेले सुमारे २० लाख विद्यार्थी प्रत्यक्षात आढळले नाहीत. या मोहिमेचा उगम नांदेडचा, हे आज अनेकांच्या विस्मरणात गेले असेल. तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी त्याआधी आपल्या जिल्ह्यातील शाळांची अशीच अकस्मात तपासणी करविली होती, आणि तेथे जे उघड झाले त्यामुळेच साऱ्या राज्याची पडताळणी करणे शासनास भाग पडले. पटावर जितकी नावे, तितक्या शिक्षकांच्या जागा, तितके अनुदान आणि तितकाच खिचडीचा तांदूळ, असे हे सरळ गणित होते. जी मुले जन्मालाच आली नव्हती, तीही कागदोपत्री दुपारचे जेवण जेवत होती.

हा जुना विषय आज पुन्हा काढण्याचे कारण असे की, शालेय पोषण आहाराच्या लाभार्थ्यांचा आकडा म्हणजेच विद्यार्थ्यांच्या दारिद्र्याचा आकडा, असे धरून चालण्याची सवय आपल्या सार्वजनिक चर्चेला जडली आहे. व्यासपीठावरून एक वक्ता म्हणतो, इतक्या मुलांना सरकारी खिचडीवर दुपार काढावी लागते, हीच का तुमची प्रगती? दुसरा तोच आकडा घेऊन म्हणतो, इतक्या मुलांच्या मुखी घास पोहोचला, भुकेचा प्रश्न आता उरला कोठे? दोघांच्या हातातील कागद एकच असतो. मात्र त्या कागदावरील संख्या दारिद्र्य मोजण्यासाठी कधी निर्माणच झालेली नव्हती. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतून पाहिले असता हे जितके स्पष्ट दिसते, तितके मुंबई-पुण्यातून दिसणार नाही.

शाळेतील जेवणावरून गरिबी मोजण्याचा प्रयोग खऱ्या अर्थाने झाला तो अमेरिकेत. अमेरिकेत नातवंडे असलेल्या आमच्या काही वाचकांना तेथील शाळांतून घरी येणारा तो अर्ज परिचयाचा असेल. १९४६ च्या कायद्याने तेथे शालेय भोजनाची राष्ट्रीय योजना सुरू झाली. पुढे तिला जे रूप आले, त्यानुसार कुटुंबाचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर मुलास जेवण मोफत, आणि १३० ते १८५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर सवलतीच्या दरात, असा नियम ठरला. सवलतीच्या जेवणासाठी ४० सेंटपेक्षा अधिक घेता येत नाही. पालकांनी अर्जात उत्पन्न लिहावयाचे आणि शाळेने त्यावरून मुलाची वर्गवारी करावयाची. ही माहिती आयतीच हाती येत असल्याने अनेक दशके तेथील अभ्यासकांनी आणि शिक्षण खात्यांनी ‘मोफत वा सवलतीचे जेवण घेणारी मुले’ म्हणजे ‘गरीब मुले’ असे समीकरण मांडले. कोणत्या शाळेला जादा निधी द्यावयाचा, कोणत्या शाळेचे निकाल कोणत्या शाळेशी ताडून पाहावयाचे, हे पुष्कळ ठिकाणी याच आकड्यावरून ठरू लागले.

पुढे या समीकरणाचा पाया हलला. अर्ज न भरणारी गरीब कुटुंबे होतीच. वरच्या वर्गातील मुले मित्रांसमोर लाज वाटते म्हणून मोफत जेवणाच्या रांगेत उभी राहावयास कचरत. मग २०१० च्या कायद्याने वेगळी वाट काढली. अन्य सरकारी मदतीच्या याद्यांवरून थेट ओळखल्या गेलेल्या मुलांचे प्रमाण ज्या शाळेत ठराविक मर्यादेपेक्षा अधिक असेल, त्या शाळेने अर्ज न मागविता सर्वच मुलांना मोफत जेवण द्यावे, अशी मुभा मिळाली. ही मर्यादा आधी ४० टक्के होती, ती २०२३ मध्ये २५ टक्क्यांवर आणण्यात आली. मुलांच्या दृष्टीने हे उत्तमच झाले. आकडेमोड करणाऱ्यांची मात्र पंचाईत झाली, कारण डॉक्टरांचे मूल आणि मजुराचे मूल एकाच रकान्यात आले. गरिबीच्या मोजमापासाठी आता तेथील राज्ये अन्नसाहाय्यासारख्या इतर योजनांच्या याद्या धुंडाळीत आहेत.

अमेरिका ज्या ठिकाणी सत्तर वर्षांनी पोहोचली, तेथून आपण प्रारंभ केला आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राने प्राथमिक शाळांसाठी ही योजना सुरू केली तेव्हा महाराष्ट्रात शिजविलेले अन्न नव्हते. ८० टक्के उपस्थिती असलेल्या मुलास महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेलेच अन्न देण्याचा आदेश दिला. २००८-०९ पासून सहावी ते आठवीचे वर्गही योजनेत आले, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हे जेवण मुलांचा हक्क ठरले आणि २०२१ मध्ये योजनेस ‘पीएम पोषण’ हे नाव मिळाले. या साऱ्या प्रवासात एक गोष्ट बदलली नाही. शासकीय अथवा अनुदानित शाळेत पहिली ते आठवीत जे मूल बसले आहे ते जेवेल. त्याच्या बापाचे उत्पन्न कोणी विचारणार नाही.

हे योग्यच आहे, असे आमचे मत आहे. नांदेडला सचखंड हुजूर साहिबच्या लंगरात बसलेल्या माणसास कोणी त्याची मिळकत विचारीत नाही, जातही विचारीत नाही. गोदाकाठच्या त्या पंगतीत किती पाने उठली, यावरून नांदेड शहरात किती गरीब आहेत हे काढावयास निघालेल्या गृहस्थास आपण काय म्हणू? शाळेची पंगतही त्याच जातीची आहे. ज्या समाजात पंगतीला कोणी कोठे बसावे यावरून पिढ्यान्‌पिढ्या माणसे दुरावली, त्या समाजात जिल्हा परिषदेच्या ओसरीवर सर्व घरांची लेकरे एका ओळीत बसून एकाच पातेल्यातील भात खातात, ही समरसतेची फार मोलाची घटना आहे. काही ठिकाणी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या जातीवरून कुरबुर झाल्याच्या वार्ता देशाच्या विविध भागांतून येत असतात. त्या लज्जास्पद आहेतच. पण त्यांच्यामुळेच या पंगतीचे महत्त्व अधिक ध्यानात येते. गरजू आणि बिगरगरजू अशी वाटणी करून उद्या मुलांना दोन ओळींत बसवावयाचे झाले, तर त्या ओळी कोणत्या घरांप्रमाणे पडतील हे सांगावयास नको.

आपल्याकडे विद्यार्थ्याची गरिबी जेवणावरून ओळखण्याची जुनी रीत होती ती ‘वार’ लावण्याची. तालुक्याच्या गावी शिकावयास आलेला मुलगा सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी जेवे. कोणाचे वार आहेत हे साऱ्या गावाला ठाऊक असे. त्या अन्नावर मोठमोठी माणसे घडली, ते देणाऱ्या घरांचे ऋण त्यांनी जन्मभर मानले. पण त्याच माणसांच्या बोलण्यात, परक्या घरच्या पानावर ताटकळत बसल्याची बोच वार्धक्यापर्यंत जाणवे, हेही आम्ही पाहिले आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहांतून सर्व जातींच्या मुलांना एकत्र जेवू घातले आणि कष्ट करून शिकण्याचा मार्ग दिला, तो या बोचेवरचा फार थोर उतारा होता. सरसकट जेवणाने ती बोच गेली, हा योजनेचा मोठा लाभ होय. तो घेतल्यावर त्याच ताटाने मुलाची गरिबीही मोजून द्यावी, ही अपेक्षा मात्र सोडून द्यावयास हवी.

तरीही कोणी म्हणेल, की खेड्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत आज राहिले तरी कोण? ज्याला परवडते तो मुलास तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवितो. मागे उरतो तो गरीबच. यात तथ्य आहे, नाही असे नाही. परंतु मराठवाड्यातील सर्वांत गरीब मूल या पटावर आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

दसरा झाला की नांदेड जिल्ह्यातील कंधार, लोहा, मुखेड आणि लातूर जिल्ह्यातील जळकोट, अहमदपूर या भागांतील गावे आणि तांडे हळूहळू रिकामे होऊ लागतात. मुकादमाने पावसाळ्यातच उचल दिलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, आणि त्या कोयत्याबरोबर सहा, आठ, दहा वर्षांची पोरे पश्चिम महाराष्ट्राच्या नाहीतर कर्नाटकाच्या साखरपट्ट्यात जातात. तेथे कोपीत धाकट्या भावंडास सांभाळणे, पाणी आणणे, वाढे गोळा करणे ही त्यांची कामे. मार्च-एप्रिलमध्ये ती परततात तेव्हा वर्ष संपत आलेले असते. बिलोली, देगलूरकडची कुटुंबे तेलंगणात मजुरीला जातात. वीटभट्टीवर जाणारी निराळीच. म्हणजे घरात जेव्हा सर्वाधिक ओढ असते, ज्या महिन्यांत शाळेतील तो घास त्या मुलास सर्वाधिक हवा असतो, नेमक्या त्याच महिन्यांत ते मूल शाळेच्या पंगतीत नसते. त्याचे नाव पटावर असते. कधी कधी, पट टिकवावयाचा म्हणून, त्याची हजेरीही असते.

२०११ च्या पडताळणीकडे या दृष्टीने पाहिल्यास आणखी एक बाब लक्षात येते. त्या वर्षी दसरा ६ ऑक्टोबरला होता. मोजणी त्याच्या आदल्या दिवशी संपली. हीच मोजणी डिसेंबरात झाली असती तर ‘आढळली नाहीत’ अशा मुलांमध्ये दोन अगदी विरुद्ध गोष्टी एकत्र आल्या असत्या: संस्थाचालकाने कागदावर निर्मिलेले मूल, आणि उसाच्या फडात गेलेले हाडामांसाचे मूल. एकाच्या नावावर तांदूळ उचलला जातो आणि दुसऱ्याचा तांदूळ त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. हजेरीपटावर दोघांची ओळ सारखीच दिसते. गैरव्यवहार शोधणाऱ्या अधिकाऱ्याने या दोहोंतील भेद ओळखला नाही, तर बनावट नावांबरोबर खऱ्या गरिबाचेही नाव कापले जाते. आधारजोडणीच्या आजच्या काळात हा धोका कमी झालेला नाही, कारण ज्याचे आई-बाप सहा महिने परमुलखात असतात त्याचीच कागदपत्रे अपुरी असतात.

ऊसतोडीची मुले ही एक गोष्ट झाली. किनवट-माहूरच्या डोंगराळ भागातील गोंड, कोलाम, आंध मुलांपैकी जी आश्रमशाळांत राहतात, त्यांच्या जेवणाचा हिशेब आदिवासी विकास विभागाच्या दप्तरी असतो. शालेय पोषण आहाराच्या आकड्यात ती दिसत नाहीत. पालावर राहणाऱ्या भटक्या कुटुंबांतील कित्येक मुलांचे नाव तर कोणत्याच पटावर नसते. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात यमगरवाडीला १९९३ मध्ये या मुलांसाठी शाळा आणि वसतिगृह उभे करावे लागले, ते याच कारणाने. लातूरसारख्या शिक्षणनगरीत आणखी एक प्रकार दिसतो. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांतून विनाअनुदानित शाळेत गेलेले गरीब मूल पोषण आहारास मुकते, कारण ती शाळाच योजनेत नाही. वर्गमैत्रिणीच्या डब्यात काय आहे हे त्याने पाहावयाचे, आणि स्वतःच्या डब्याचे झाकण अर्धेच उघडावयाचे. आठवी संपली की जेवणही संपते. नववीत गेलेला चौदा वर्षांचा मुलगा आठवीतल्यापेक्षा कमी भुकेला असतो, असे कोणाचे म्हणणे असल्यास त्यांनी आपल्या घरातील त्या वयाच्या मुलाकडे पाहावे.

मग गरिबी मोजावयाची कशाने? उत्पन्नाच्या दाखल्याने म्हणाल, तर तहसील कार्यालयातून मिळणाऱ्या दाखल्यावरील रक्कम, ज्या योजनेसाठी तो हवा असतो त्या योजनेच्या मर्यादेच्या किंचित खालीच कशी येते, हे कोडे आजवर उलगडलेले नाही. शिधापत्रिकेचे रंग १९९९ मध्ये ठरले. वार्षिक १५ हजारांपर्यंत पिवळी, १ लाखापर्यंत केशरी. त्या रंगांत मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकरी नीट बसेना, म्हणून २०१५ मध्ये शेतकरी-आत्महत्यांनी ग्रासलेल्या १४ जिल्ह्यांतील केशरी पत्रिकाधारक शेतकऱ्यांना स्वस्त धान्य देण्याची वेगळी सोय करावी लागली. नांदेड आणि लातूर त्या १४ मध्ये होते. नीती आयोगाने अलीकडे पोषण, शाळेतील उपस्थिती, इंधन, शौचालय, घर, बँक खाते अशा १२ निकषांवर बहुआयामी दारिद्र्य मोजले. त्यात महाराष्ट्राचे प्रमाण २०१५-१६ मधील १४.८५ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ७.८१ टक्क्यांवर आले, ही समाधानाची गोष्ट होय. ते मोजमाप सर्वांत शहाणे, पण ते जिल्ह्यापाशी थांबते. मुखेड तालुक्यातील एखाद्या तांड्यावरच्या तिसरीतील कोणत्या मुलीच्या घरी आज चूल पेटली नाही, हे त्यातून कळणार नाही.

ते कळते ते शाळेत, आणि तेही एकूण आकड्यातून नव्हे. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडण्याच्या कामांवर सुकडी वाटली असेल, त्यांना हे चटकन समजेल. वि. स. पागे यांच्या रोजगार हमीचे सारे मर्म एका साध्या निरीक्षणात होते. जो भर उन्हात खडी फोडावयास येतो, त्याला गरिबीचा दाखला मागण्याचे कारण नाही. शाळेच्या जेवणातही असे क्षण येतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. त्याच वर्षी १३ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळी सुट्टीतही दुपारचे जेवण चालू ठेवण्याचा आदेश दिला. वर्ग बंद असताना, मे महिन्याच्या उन्हात, केवळ ताटासाठी शाळेपर्यंत चालत येणाऱ्या मुलांची यादी ही वर्षभराच्या हजेरीपटापेक्षा कितीतरी बोलकी असते. टाळेबंदीनंतरचा अनुभवही असाच. ‘असर’ अहवालांनुसार देशाच्या ग्रामीण भागात ६ ते १४ वयोगटातील सरकारी शाळेत जाणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ६५.६ टक्के होते, ते २०२२ मध्ये ७२.९ टक्क्यांवर गेले आणि २०२४ मध्ये पुन्हा ६६.८ टक्क्यांवर आले. खाजगी शाळेची फी झेपेनाशी झाल्यावर घर कोठे वळते आणि हात थोडा मोकळा होताच पुन्हा कोठे जाते, त्याचा माग या चढउतारात लागतो.

म्हणून पोषण आहाराची नोंदवही वाचावयाची ती तिच्या बेरजेसाठी नव्हे, तिच्यातील फरकांसाठी. मुख्याध्यापक आज दररोज जेवणाऱ्यांची संख्या मोबाईलवरून कळवितात. ती संख्या वर्षअखेरीस एका बेरजेत विरघळून जाते. तीच दसऱ्यापूर्वीचा आठवडा आणि दिवाळीनंतरचा आठवडा अशी समोरासमोर ठेवली, तर कोणत्या गावाची किती मुले गेली हे गटशिक्षणाधिकाऱ्याला कार्यालयात बसून दिसेल. आणि ज्या शाळेत डिसेंबरातही आकडा तसूभर हलत नाही, मात्र गाव अर्धे रिकामे आहे, त्या शाळेत २०११ ची शाई पुन्हा एकदा न्यावी लागेल.

याहून बारीक माहिती असते ती खिचडी शिजविणाऱ्या मावशीकडे. सोमवारी कोण दोनदा भात मागून घेतो, कोण अर्धा डबा झाकून घरच्या धाकट्यासाठी नेतो, कोण ताट घेऊन बसतो पण तापाने खात नाही, हे तिला अचूक ठाऊक असते. ती स्वतः बहुधा गावातील गरजू घरचीच असते. तिच्या मानधनाचा केंद्रीय दर २००९ मध्ये महिन्याला एक हजार रुपये ठरला, तोही वर्षातील दहा महिनेच. राज्यांनी त्यात आपापली भर घातली आहे एवढेच. मुलांच्या जेवणातील डाळ, तेल, भाजी, मीठ-मसाला यांचा खर्च मे २०२५ पासून प्राथमिकच्या मुलामागे ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकला १० रुपये १७ पैसे धरला आहे. लातूरच्या बाजारात तुरीचे ढीग लागतात. त्याच जिल्ह्यातील पहिलीच्या मुलाच्या वाट्याला नियमानुसार २० ग्रॅम डाळ येते. ज्वारीच्या मुलखातील मुलास रोज तांदूळच का, हा प्रश्न तर कोणी विचारीतही नाही. असो. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आमच्या वाचकांपैकी अनेकजण सेवावस्त्यांत काम करतात, काही शाळा व्यवस्थापन समित्यांवर आहेत. स्थलांतरित पालकांची मुले गावातच आजी-आजोबांजवळ राहून दोन वेळ जेवावीत, यासाठी हंगामी वसतिगृहाची शासकीय तरतूद आहे. गावाबाहेर जाणाऱ्या मुलास दुसऱ्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी पत्रकही आहे. या दोन्ही गोष्टी कागदावर उत्तम आहेत; त्यांचे पुढे काय होते, ते गावात नावानिशी यादी वेळेवर झाली की नाही यावर अवलंबून असते. ती यादी पोर्टलवरून निघत नाही. त्यासाठी एका दुपारी शाळेच्या ओसरीवर मुलांच्या ओळीत बसून जेवावे लागते, मावशीशी बोलावे लागते, तांड्यावर जाऊन कोणत्या घराने उचल घेतली आहे हे विचारावे लागते. मुकादमाची गाडी दसऱ्यानंतर येते. यादी भाद्रपदातच समितीच्या हाती हवी.